घरातली जुनी नाणी : काय धुवावे आणि कशाला हात लावू नये

दिवाळीच्या आधी देव्हाऱ्यातील भांडी घासायला काढली की त्यांच्याबरोबर लक्ष्मीपूजनाच्या डबीतील चांदीचे रुपयेही ताटात येतात, आणि समईला लावलेली चिंच त्यांनाही लागते. भांडे रोजच्या वापरातले असते, ते घासलेच पाहिजे. नाण्याचे तसे नसते. ज्यांच्याकडे आजी-आजोबांची दहा-वीस नाणी आली आहेत आणि ज्यांना आता ती संग्रह म्हणून नीट ठेवायची आहेत, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे. नाणी स्वच्छ करावीत का, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. परंतु जिथे करणे योग्य आहे, तिथे ते कसे करावे हेही पुढे सविस्तर सांगितले आहे.

आजोबांनी कापडाच्या पुरचुंडीत जपलेली एक शिवराई मी तेराव्या वर्षी चिंच आणि मीठ लावून घासली होती. त्या तांब्यावर कॉफीसारखा गडद, एकसारखा रंग होता आणि ‘श्री राजा शिव’ या तीन ओळींपैकी ‘राजा’ ठसठशीत उठून दिसत होता. पाच मिनिटांत नाणे नव्या तारेसारखे गुलाबी झाले आणि मला फार आनंद झाला. आठवड्याभरात त्यावर डाग पडू लागले, महिन्याभरात ते मळकट, चट्टेरी झाले, आणि अक्षरांभोवतीची जी गडद छटा अक्षर वाचायला मदत करत होती तीच नाहीशी झाल्यामुळे ‘राजा’ पूर्वीपेक्षा पुसट दिसू लागला. तीसहून अधिक वर्षे गेली, पण तो मूळ रंग परत आलेला नाही.

मळ कोणता आणि नाण्याची कांती कोणती

नाण्यावर दोन प्रकारचे थर असतात. एक बाहेरून येऊन बसलेला : धूळ, तेल, कुंकू, माती, चिकट टेपचा डिंक, जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटलेला चिकटा. दुसरा थर म्हणजे नाण्याचा धातूच काळाच्या ओघात ज्यात बदलला आहे तो. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइड तयार होते. तेच आपण ‘चांदी काळी पडली’ म्हणून पाहतो, आणि हा थर फार पातळ असताना त्यात सोनेरी, निळ्या, जांभळ्या छटाही दिसतात. तांब्यावर आधी तांबूस-तपकिरी ऑक्साइड आणि पुढे हिरवट कार्बोनेट बसते. पहिला थर काढला तर नाण्याचे काहीच जात नाही. दुसरा थर काढणे म्हणजे नाण्याचाच पृष्ठभाग काढणे, कारण त्या काळेपणातली चांदी आणि त्या तपकिरीतले तांबे नाण्याचेच असते. पुढील प्रत्येक कृतीत प्रश्न हाच आहे की आपण वर बसलेले काढतो आहोत की नाण्याचे झालेले.

टाकसाळीतून नवे निघालेले नाणे चमकते, त्याचे कारणही येथे लक्षात घ्यावे. ठशांच्या दाबाखाली धातू वाहतो आणि पृष्ठभागावर केसाहूनही बारीक, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो, तो या रेषांमुळे. संग्राहक ज्याला ‘लस्टर’ म्हणतात ते हेच. घासून आलेली चमक वेगळी असते, ती नाणे फिरवले तरी जागची हलत नाही. एकदा त्या रेषा झिजल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत, आणि जाणकार ग्राहक पहिल्यांदा तेच पाहतो. एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या आंतरराष्ट्रीय प्रतवारी संस्था अयोग्य रीतीने साफ केलेल्या नाण्याला साधी अंकांची प्रत देत नाहीत, त्यावर साफ केल्याची नोंद करतात, आणि किंमत तिथेच खाली येते.

पहिली पायरी : पाहणे, मोजणे, छायाचित्र घेणे

पाण्याचा थेंबही लावण्याआधी टेबलावर जाड मऊ टॉवेल अंथरावा, म्हणजे हातून निसटलेले नाणे फरशीवर आपटणार नाही. नाणे नेहमी कडेला दोन बोटांनी धरावे, कारण बोटाच्या घामातील क्षार पृष्ठभागावर ठसा सोडतात आणि काही महिन्यांनी तो ठसा कायमचा उमटून येतो. १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने पडणारा दिव्याचा प्रकाश एवढे पुरेसे आहे. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत. शक्य असल्यास सराफाच्या छोट्या काट्यावर वजनही करावे. ब्रिटिश हिंदुस्थानचा १८३५ नंतरचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो. वापरात झिजून तो थोडा कमी भरू शकतो, पण तो ९ ग्रॅमच भरला किंवा लोहचुंबकाला चिकटला, तर तो खरा असण्याची आशा सोडून द्यावी. साफसफाईचा प्रश्नही तिथेच मिटतो.

घाई का करू नये, याचे एक उदाहरण देतो. १८६२ साल असलेले व्हिक्टोरियाचे रुपये त्या एकाच वर्षी पाडलेले नाहीत. पुढची अनेक वर्षे टाकसाळींनी नाण्यावर १८६२ हेच साल कायम ठेवले, आणि १८७४ पासून खरे साल घालायला सुरुवात झाली. मधल्या काळात मुंबई टाकसाळीने सालाच्या आसपास बारीक ठिपके देऊन वेगवेगळी वर्षे दर्शवली, आणि एकाच सालाच्या दोन रुपयांच्या किमतीत मोठा फरक पडतो तो या ठिपक्यांवरून. देव्हाऱ्यातल्या रुपयावर नेमके तिथेच कुंकू आणि तेल साठून दगडासारखे झालेले असते. ज्याला ठिपक्यांची माहिती नाही तो टाचणीने ते कुंकू उकरतो आणि त्याबरोबर ठिपकाही खरवडून टाकतो.

दुसरी पायरी : पाणी

नळाचे पाणी वापरू नये. त्यात क्लोरीन आणि क्षार असतात, आणि क्लोराइड हा तांब्याचा मोठा शत्रू आहे; तो कसा, ते पुढे येईलच. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. गाडीच्या बॅटरीत घालायचे क्षारविरहित पाणीही चालते, मात्र बाटलीवरील मजकूर वाचून ते नुसते पाणी आहे, बॅटरीचे आम्ल नाही, याची खात्री करावी.

काचेच्या वाटीत एका वेळी एकच नाणे ठेवावे, कारण एकावर एक ठेवलेली नाणी एकमेकांना ओरखडतात. पाणी नाण्यावर बोटभर राहील एवढे घालून ते झाकून ठेवावे. धूळ आणि साधा मळ काही तासांत सुटतो. घट्ट मातीला दिवस लागतात. पाणी गढूळ झाले की बदलावे. मधूनमधून वाटी हलकेच हलवणे एवढाच हाताचा उपयोग करावा. नाण्याला तेलकटपणा असेल तर भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात घालून दहा मिनिटे ठेवावे आणि नंतर स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात तीन-चारदा बुडवून काढावे. दात घासायचा ब्रश, कितीही मऊ असला तरी, वापरू नये. चांदी मऊ असते, आणि मळातले वाळूचे कण ब्रशच्या केसांत अडकले की तो ब्रश कानशीसारखे काम करतो.

वाळवताना बहुतेक जण चूक करतात. नाणे पुसायचे नसते, टिपायचे असते. धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाच्या घडीत ठेवून वरून हलका दाब द्यावा, बाजू उलटून पुन्हा दाबावे, आणि मग किमान एक दिवस कोरड्या जागी उघडे ठेवून तरच पाकिटात भरावे. अक्षरांच्या खोबणीत राहिलेला ओलावा पाकिटात कोंडला गेला तर आपणच नवा डाग तयार करून ठेवतो.

तिसरी पायरी : ॲसिटोन, कुंकू आणि टेपचा डिंक

पाण्याने न निघणाऱ्या सेंद्रिय थरांसाठी शुद्ध ॲसिटोन हा घरच्या घरी करता येण्यासारखा सर्वांत सुरक्षित उपाय आहे, कारण ते तेल, डिंक, हळदीचा रंग आणि पीव्हीसीचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचा, चिकटा विरघळवते पण धातूशी किंवा त्याच्या मूळ कांतीशी भांडत नाही. ते रसायनांच्या दुकानातून घ्यावे. नेलपॉलिश काढायच्या द्रवात सुगंध, रंग आणि तेल मिसळलेले असते, म्हणून तो चालत नाही. ॲसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे. गॅस, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही खोलीत पेटलेले नसावे, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि लहान मुले आसपास नसावीत. भांडे काचेचेच घ्यावे, कारण अनेक प्रकारची प्लॅस्टिके त्यात विरघळतात आणि तोच थर नाण्यावर जाऊन बसतो.

पूर्ण वाळलेले नाणे ॲसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, बांबूच्या चिमट्याने कडेला धरून उचलावे आणि लगेच दुसऱ्या वाटीतील ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवावे. ही दुसरी वाटी टाळू नये. विरघळलेला मळ द्रव उडून गेल्यावर पुन्हा पातळ पापुद्र्यासारखा नाण्यावर बसतो, तो हिच्यामुळे टळतो. बाहेर काढल्यावर काही सेकंदांत नाणे आपोआप कोरडे होते, टिपण्याचीही गरज पडत नाही.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातील १८६२ च्या एका रुपयावर हळदीकुंकवाचा असा जाड लेप होता की सालातला सहाचा आकडा दिसत नव्हता. तो दोन दिवस पाण्यात आणि नंतर पाच-सहा वेळा ॲसिटोनमध्ये ठेवला. प्रत्येक वेळी द्रव आधी केशरी, मग पिवळसर, मग फिकट होत गेला, आणि शेवटी भिंगाखाली सालाखालचे ठिपके स्वच्छ दिसू लागले. चांदीवरील करडी छटा मात्र जशीच्या तशी राहिली, आणि ती राहावी अशीच माझी इच्छा होती. लेप शेंदराचा असेल तर अधिक जपावे. पारंपरिक शेंदूर शिशाचा असतो. तो कोरडा खरवडून त्याची भुकटी हवेत उडवू नये, ओला असतानाच हाताळावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पूजेतल्या नाण्याबद्दल आणखी एक सांगावेसे वाटते. ते नाणे पुढेही पूजेतच राहणार असेल, तर त्यावरील कुंकू काढण्याची काहीच गरज नाही. संग्रहासाठी दुसरे नाणे घ्यावे. घरातल्या तीन-चार पिढ्यांच्या हातचे कुंकू मला तरी मळ वाटत नाही.

मातीतून आलेले तांबे

शिवराया, दुदांडी शिवराया, सुलतानी काळातील फलूस अशी तांब्याची नाणी बहुधा जमिनीतून आलेली असतात. त्यांवर माती आणि तांब्याची लवणे मिळून एक कठीण कवच झालेले असते. येथे संयमाशिवाय उपाय नाही. डिस्टिल्ड पाण्यात नाणे आठवडेच्या आठवडे ठेवावे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे, आणि भिजून मऊ झालेली माती बांबूच्या किंवा लाकडाच्या दातकोरणीने भिंगाखाली पाहत थोडी थोडी सोडवावी. लाकडाचे टोक तांब्याहून मऊ असल्याने ते झिजते, नाणे झिजत नाही. सुई, ब्लेड किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये. माती निघाल्यावर खाली गुळगुळीत गडद हिरवा किंवा तपकिरी थर दिसला की तिथेच थांबावे. कित्येकदा मूळ अक्षरे त्या थरातच शिल्लक असतात. खालचे तांबे कधीच खाऊन गेलेले असते आणि थर काढला तर हातात नुसती खडबडीत चकती राहते. पूर्ण वाळल्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पुसट हात फिरवला तर रंग खुलतो आणि ओलावा दूर राहतो. अनेक जण ऑलिव्ह तेल सुचवतात, पण त्यात सौम्य आम्लता असते आणि दीर्घकाळ भिजवल्यास ते मूळ थरही उचलते.

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचे मडके सापडले, तर मात्र यापैकी काहीही करू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न धुतलेल्या नाण्यांवरची माती व त्यांचा परस्परांशी असलेला क्रम अभ्यासकाला पुष्कळ काही सांगतो. धुतल्यावर तो पुरावा जातो.

हिरवी भुकटी हा आजार आहे

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे आपल्याला ठाऊक आहे. तांब्याच्या आणि कांस्याच्या नाण्यावर मात्र एक याहून वाईट प्रकार होतो. गडद, कठीण, घट्ट बसलेला हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी उमटू लागली, दातकोरणीने सहज सुटली, खाली खड्डा दिसला आणि काही दिवसांनी ती पुन्हा आली, तर तो ‘ब्राँझ डिसीज’ म्हणून ओळखला जाणारा रोग आहे. नाण्याच्या आत अडकलेले क्लोराइड ओलावा आणि प्राणवायू मिळताच हिरवी भुकटी तयार करते आणि सोबत आम्लही सोडते. ते आम्ल उरलेल्या तांब्यावर हल्ला करते आणि चक्र सुरूच राहते. कोकण, गोवा, मुंबई अशा खाऱ्या आणि दमट हवेच्या प्रदेशांतील संग्राहकांनी पावसाळ्यात आपली तांब्याची नाणी मुद्दाम तपासावीत ती याचसाठी.

असे नाणे दिसताच ते वेगळे काढावे आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद काचेच्या डबीत ठेवावे. आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिली तर रोग सहसा थबकतो. त्यावरचा उपचार म्हणून संवर्धक नाणे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने भिजवतात. परंतु त्याने नाण्याची मूळ कांती बदलू शकते, म्हणून मोलाच्या नाण्यावर नवशिक्याने हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. अशा ठिकाणच्या जाणकारांचा सल्ला आधी घ्यावा.

जे कधीच करू नये

चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोला ही सर्व आम्ले आहेत. ती तांब्याचा ऑक्साइड विरघळवतात आणि उघडा गुलाबी धातू मागे ठेवतात. टूथपेस्ट, राख, रांगोळी, विटेची भुकटी आणि भांडी उजळण्याची पावडर ही सर्व घासणारी द्रव्ये आहेत. सोनाराकडे ‘उजळून’ आणलेले नाणे तर दागिन्यासारखे गुळगुळीत होऊन येते. रिठ्याचे पाणी वाट्या-ताटांना चांगले, पण त्यासोबत फिरणारा ब्रश नाण्याला चांगला नाही. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून चांदी पांढरी करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. त्यातली रासायनिक क्रिया खरी आहे, सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण ती चांदी मूळ पृष्ठभागासारखी बसत नाही, आणि नाणे निस्तेज, खडूसारखे पांढरे दिसते. बाजारातील चांदी उजळण्याचे ‘डिप’ दर बुडीला पृष्ठभागाचा थोडा अंश नेते. अनुभवी व्यापारी ते क्वचित, क्षणभर आणि नेमके वापरतात, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

सोने काळे पडत नाही. गिन्नी किंवा पुतळी पाण्यात आणि ॲसिटोनमध्ये बुडवणे पुरे, मात्र त्यावर कापड फिरवू नये, कारण ओरखडा सर्वांत लवकर सोन्यावर उठतो. स्वातंत्र्यानंतरच्या निकेलच्या आणि तांबे-निकेलच्या नाण्यांना पाणी पुरते. ॲल्युमिनियमच्या एक, दोन, तीन पैशांना धुण्याचा सोडा लावू नये, कारण तो ॲल्युमिनियमच खातो.

विकत घेताना आणि ठेवताना

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नाणे घेताना ते एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवून पाहावे. एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसल्या, उंच भाग लखलखीत आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळी कड उरलेली दिसली, किंवा दोनशे वर्षांचे तांबे गुलाबी निघाले, तर ते घासलेले आहे. असे नाणे घेऊच नये असे नाही. दुर्मीळ असेल तर घ्यावे, पण घासलेल्या नाण्याच्या भावात.

आणलेले नाणे पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांच्या अल्बममध्ये ठेवू नये. हिरवा चिकटा तिथूनच येतो. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची, खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर किंवा कडक प्लॅस्टिकच्या कॅप्सूल घ्याव्यात. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ नसावा, कारण यांतून सुटणारे गंधकयुक्त वायू आणि आम्ल नाणे डागाळतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जून ते सप्टेंबर त्या दर महिन्याला बदलाव्यात. परदेशी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूत मोडते आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही; प्रतवारीसाठी परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर त्याआधी हे पाहावे.

होल्डरच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि आपण केलेली कृती लिहावी : ‘डिस्टिल्ड पाणी, २ दिवस, ॲसिटोन, ५ वेळा’ एवढे पुरते. हे नाणे पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला ते काय होते आणि त्याचे काय केले गेले, हे यावरून कळेल. माझ्या शिवराईच्या होल्डरमागेही ‘चिंच आणि मीठ’ असे लिहिलेले आहे.